रंग कशात कालवला होता, ते आधी विचारा

पाश्चात्त्य कलेचा इतिहास आपल्याकडे माळेसारखा शिकवला जातो. ग्रीक, रोमन, बायझंटाइन, गॉथिक, रेनेसाँ, बरोक, रोकोको आणि मग एकामागून एक वाद, म्हणजे ‘इझम’. प्रत्येक मण्याला चार वैशिष्ट्यं, दोन चित्रकार आणि थोडी सनावळी. परीक्षेपुरतं यात भागतं. पण इटालियन चित्रकार दुच्चोच्या मॅडोनाचा, म्हणजे मेरीचा, चेहरा हिरवट का दिसतो? लिओनार्दोचं भिंतीवरचं चित्र त्याच्या हयातीतच का बिघडलं? मोनेच्या पिढीला उघड्यावर बसून अख्खं चित्र पुरं करता आलं, आधीच्यांना ते इतकं अवघड का जात होतं? या प्रश्नांना ‘मानवतावाद आला’ किंवा ‘दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) आला’ हे उत्तर पुरत नाही.

कलेतिहासाच्या विद्यार्थ्याने कुठल्याही कालखंडात शिरताना तीन प्रश्न आधी विचारावेत असं मला मनापासून वाटतं. चित्र कशावर काढलंय? रंग कशाने धरून ठेवलाय? तो वाळायला किती वेळ लागतो? वाद त्यानंतर शिकावेत, म्हणजे ते पाठ करावे लागत नाहीत.

शिल्पापासून सुरुवात करू. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लेटसचा भालाधारी इ.स.पू. ४४० च्या सुमाराचा. मूळ पुतळा ब्राँझचा होता, तो गेला. आज नेपल्सला दिसते ती पॉम्पेईत सापडलेली संगमरवरी रोमन प्रत. तिच्या पायाशी झाडाचा एक बुंधा आहे. विद्यार्थी त्याचा प्रतीकात्मक अर्थ शोधत बसतात. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो (आपल्याकडे मधूच्छिष्ट म्हणतात तीच मेण वितळवून ओतकाम करण्याची रीत), त्यामुळे सगळा भार एका पायावर टाकून तो खुशाल उभा राहतो. संगमरवर भरीव, जड आणि ठिसूळ. घोट्यात मोडतो. म्हणून प्रत करणाऱ्याने बुंध्याचा टेकू दिला. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या उजव्या पायामागेही तसाच बुंधा आहे, आणि तो असूनही त्या पाच मीटरहून उंच पुतळ्याच्या घोट्याशी बारीक चिरा आढळल्या आहेत. ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असत, हेही इथेच लक्षात ठेवावं. रेनेसाँच्या लोकांना ते जमिनीतून रंग उडालेले मिळाले आणि पांढरा संगमरवर म्हणजेच अभिजात, अशी समजूत रुजली.

आता भिंत. खऱ्या फ्रेस्कोत रंगाला सरस नाही, अंडं नाही, तेल नाही. रंगाची पूड नुसत्या पाण्यात वाटायची आणि ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावायची. पाणी उडतं तसा चुना पृष्ठभागाकडे येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे अडकतात. चुन्याची निवळी उघडी ठेवली की तिच्यावर काचेसारखी पातळ साय धरते ना, ती हीच क्रिया. इटालियन चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रं सातशे वर्षं त्या सायीनेच धरून ठेवलीत.

काम असं चालायचं. चुना आधी विरवून मुरवत ठेवायचा. भिंतीवर आधी जाडाभरडा थर, त्याला अरिच्चो म्हणतात. त्यावर तांबड्या मातीने पूर्ण चित्राचा कच्चा आराखडा. मग बारीक गुळगुळीत थर, इंतोनाको, पण आज जेवढं रंगवून होईल तेवढ्याच तुकड्यावर. हा तुकडा म्हणजे जोर्नाता, एका दिवसाचं काम. हाताशी साधारण सहा-आठ तास, तेही हवेवर अवलंबून. संध्याकाळी रंगवायचा राहिलेला गिलावा कडेने तिरका कापून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. सुरुवात नेहमी वरून, नाहीतर ओघळ झालेल्या कामावर येतात. चूक झाली तर पुसता येत नाही, तो तुकडा तासून पुन्हा गिलावा करावा लागतो. तिरका उजेड टाकला की जोडांच्या रेषा दिसतात आणि कुठल्या भागाला किती दिवस लागले ते चक्क मोजता येतं.

चुना तिखट असतो, सगळे रंग त्यात टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचाच पांढरा, हे टिकतात. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये (सुमारे १३०५) जोत्तोने निळा रंग वाळलेल्या भिंतीवर चिकटद्रव्याने लावला, आणि कित्येक ठिकाणी नेमकी निळी वस्त्रंच झडली आहेत, बाजूचे चेहरे मात्र शाबूत. इटलीतच आसीसीला चिमाबुए या चित्रकाराने शिशाचा सफेदा वापरला. भिंतीवर तो काळा पडला, आणि आज त्याचं क्रूसारोहण फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. उजेड होता तिथे काळोख.

एवढं कळलं की जोत्तोच्या आकृत्या ठसठशीत का, याचं अर्धं उत्तर हाती येतं. घड्याळ चालू असताना बारीक छटा घोळवत बसता येत नाही. मोठा आकार, स्पष्ट कड, ठाम हात. उरलेलं अर्धं उत्तर जोत्तोच्या नजरेत आहे आणि ते सामग्रीतून निघणार नाही, हेही मान्य करायला हवं.

लिओनार्दोला हे घड्याळ मानवणारं नव्हतं. ‘द लास्ट सपर’ रंगवताना तो कधी दिवसभर नुसता चित्रासमोर उभा राही, कधी एक-दोन फटकारे मारून निघून जाई, असं तेव्हाच्या एका लेखकाने लिहून ठेवलंय. त्याला छटेवर छटा हव्या होत्या, म्हणून १४९५ ते १४९८ दरम्यान त्याने मिलानच्या त्या भोजनगृहात वाळलेल्या भिंतीवर अस्तर दिलं, त्यावर सफेद्याचा पातळ थर आणि वर अंडं-तेलाच्या बंधाचे रंग. रंग भिंतीत गेलाच नाही, भिंतीवर बसला. मागून ओल आली तसे पोपडे सुटले. १५१७ मध्ये, म्हणजे तो जिवंत असतानाच, चित्र खराब होऊ लागल्याची नोंद आहे. १६५२ मध्ये तिथल्या लोकांनी त्यातून दार काढलं आणि येशूचे पाय गेले. शेवटचं मोठं जतनकाम १९७८ ते १९९९ चाललं. तीन-चार वर्षांत रंगवलेल्या चित्रावर एकवीस वर्षं!

मायकेलअँजेलोने दहाच वर्षांनी, १५०८ मध्ये, सिस्टिन चॅपेलचं छत खऱ्या फ्रेस्कोत घेतलं. सुरुवातीलाच गिलाव्यावर बुरशी आली, कारण तो जास्त पाणी घालून मळला गेला होता. प्रमाण सुधारलं आणि १५१२ पर्यंत काम पुरं झालं. ते आज उभं आहे. दोघांपैकी कोण थोर, हा वाद निरर्थक आहे. पण एका परीक्षेच्या उत्तरात ‘रेनेसाँचं भित्तिचित्र’ म्हणून ही दोन्ही एकाच ओळीत येतात, ते चूक आहे.

जाता जाता एक. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं. ती त्या अर्थाने फ्रेस्को नाहीत. तिथे मातीचा, तूस-काड्या घातलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. तिथला निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. इटालियन चित्रकार मेरीच्या झग्यासाठी ज्याला सोन्यासारखा जपत, तो निळाही तिथलाच.

लाकडी फळीवरचं अंड्याचं काम, म्हणजे टेम्परा, विद्यार्थ्याने एकदा तरी हाताने करून बघावंच. फक्त बलक घ्यायचा. तो या तळहातावरून त्या तळहातावर फिरवत पांढरा पुसून काढायचा, मग चिमटीत धरून टोचायचा, आतला रस वाटीत आणि कातडं फेकून. चमचाभर पाणी. पाण्यात वाटलेला रंग आणि हा रस साधारण सारखे घ्यायचे, पुढे रंगाप्रमाणे कमीजास्त. प्रमाण जमलं का, ते बघायला काचेवर एक फटकारा मारून वाळू द्या आणि ब्लेडने खरवडा. सलग सालीसारखा निघाला तर ठीक, पूड झाली तर बलक कमी पडला, तेलकट चमकला तर जास्त झाला. बलकाची ताटली वाळल्यावर घासून घासून दमायला होतं, तोच गुण इथे कामाला येतो.

हा रंग हातासरशी वाळतो, त्यामुळे कागदावर जलरंग ओढतात तसा ओघ देता येत नाही. छटा बारीक बारीक समांतर रेषांनीच उभी करावी लागते. बोत्तिचेल्लीच्या चेहऱ्यांत त्या रेषा जवळून दिसतात. वाळलेला थर ठिसूळ असतो, म्हणून खाली न वाकणारी फळी: इटलीत पॉप्लर, उत्तरेत ओक. फळीवर सरस, मग जिप्समचं अस्तर. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनीने लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत बारीक अस्तराचे निदान आठ हात सांगितलेत. चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा हात, त्यावर गुलाबी रेषा. शतकांत वरचा गुलाबी झिजला आणि खालची हिरवाई वर आली. दुच्चोची माणसं आजारी दिसतात ती त्यामुळे. त्याने ती निरोगी रंगवली होती.

तेलरंग यान व्हॅन आयकने शोधला, हे वाक्य वहीतून खोडून टाका. बाराव्या शतकातल्या युरोपीय लेखनात रंग तेलात कालवण्याचा उल्लेख आहे, आणि बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकातली तेलातली चित्रं सापडली आहेत. व्हॅन आयकने केलं ते वेगळं आणि मोठं आहे. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वाळताना सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. याला दिवस लागतात. त्या सवडीत कडा विरघळवता येतात, आणि पारदर्शक थर एकावर एक चढवले की प्रकाश खालच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत जाऊन परत येतो. त्याचं १४३४ चं, आता लंडनमध्ये असलेलं ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे चित्र जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटर आहे. त्यातल्या फुगीर आरशाच्या चौकटीवर येशूच्या यातनांची दहा इवली चित्रं आहेत, आणि त्या इवल्या वर्तुळांवर काचेची चकाकीसुद्धा आहे. अंड्यात हे जमलं नसतं.

तेलाचे नियम मोडले तर शिक्षा उशिरा होते, पण होते. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त. उलटं झालं तर वरचा आधी घट्ट होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. डांबरासारखं बिट्युमेन तर धड वाळतच नाही. फ्रेंच चित्रकार जेरिकोचा ‘मेडुसाचा तराफा’ (१८१८-१९) त्यानेच काळवंडत गेला. स्टुडिओत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

व्हेनिसच्या खाऱ्या ओलीत फ्रेस्को टिकत नसे आणि शिडाचं कापड मुबलक, म्हणून तिथे कॅनव्हासने जोर धरला. आता बरोकच्या कारावाज्जोकडे येऊ. रोमच्या कोंतारेल्ली चॅपेलमधल्या कामापासून (१५९९-१६००) त्याचा काळोख प्रसिद्ध झाला. तो अस्तरच गडद तपकिरी देई, ब्रशच्या दांड्याने ओल्या अस्तरात खुणेच्या रेषा ओढी आणि उजेडाचे भाग तेवढे रंगवून काढी. सावली पुष्कळदा नुसतं उघडं अस्तर आहे. तेलरंग जुना होताना पारदर्शक होत जातो, तेव्हा खालचा काळोख आज त्याच्या काळापेक्षा जास्त वर आला आहे. बरोक नाट्यावर लिहिताना हे ध्यानात असावं.

रोकोको आणि नवअभिजातवादात सामग्री फारशी बदलली नाही, गिऱ्हाईक बदललं. तिथे राजकारण वाचा.

मग १८४१. जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळे. टोचून काढायचा आणि उरलेला वाळू लागे. बरोबरीने रसायनशाळेतून नवे रंग आले: कोबाल्ट निळा, १८२० च्या दशकात कृत्रिम अल्ट्रामरिन (लाजवर्दी निळा), पुढे कॅडमियम पिवळा. लाजवर्दाचा दर ज्याला परवडत नव्हता, त्याला आकाश परवडू लागलं. तरी दृक्प्रत्ययवाद्यांचं पॅरिसमधलं पहिलं प्रदर्शन १८७४ चं, ट्यूबनंतर तेहेतीस वर्षांनी. ट्यूब होती म्हणून दृक्प्रत्ययवाद झाला, असं सरळ म्हणणाऱ्यांनी ही तेहेतीस वर्षं विसरू नयेत. रेल्वे आली, सरकारी प्रदर्शनाने चित्रं नाकारली, तेव्हा कुठे ती ट्यूब नदीकाठी पोहोचली.

मोनेच्या ‘सूर्योदया’चा (१८७२) फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळपास नाहीसा होतो. तो आकाशापेक्षा उजळ रंगवलेलाच नाही. फक्त राखाडी-निळ्यात नारिंगी ठेवलाय, आणि डोळ्यांना तो तळपताना दिसतो.

नवे रंग मात्र सगळे प्रामाणिक निघाले नाहीत. व्हॅन गॉगने आपल्या खोलीच्या चित्रातल्या भिंती फिकट जांभळ्या आहेत असं भावाला कळवलं होतं. आज त्या निळ्या आहेत, कारण त्यातला लाल उडून गेला. त्याच्या सूर्यफुलांतला क्रोम पिवळा तपकिरीकडे झुकतोय. जॉर्ज सराने ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेल्या ‘ग्रांद जात’ या चित्रातले झिंक पिवळ्याचे ठिपके काही वर्षांतच मळकट झाले. ठिपक्यांच्या सिद्धान्तावर पानभर लिहिताना, आपण बघतोय ते ठिपके त्याने ठेवलेल्या रंगाचे उरलेले नाहीत, एवढं एक वाक्य तरी उत्तरात यावं.

पुस्तकातल्या चकचकीत छपाईत यातलं काहीच दिसत नाही, आकारसुद्धा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे जाऊन चित्रासमोर नीट उभे राहिलात की मग दोन पावलं बाजूला सरका आणि दिव्याची तिरीप पृष्ठभागावर पडेल असे कडेने बघा. रंग कुठे जाड आहे, तडे कोणत्या दिशेने गेलेत, कापडाची वीण कुठे डोकावते, सावलीत रंग आहे की नुसतं अस्तर, ते वहीत टिपा. चित्रकाराचं नाव आणि वाद त्यानंतर पाटीवर वाचा.