मारुतीच्या गुडघ्याला पाणी

आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे आहेत. त्यांच्या मते सुपरहिरोचा सिनेमा नुसता जाऊन बघायचा नसतो, आधी अभ्यास करायचा असतो. म्हणून आठवडाभर जेवणं झाली की माझी शिकवणी. २००८ सालच्या 'आयर्न मॅन'मध्ये भानगड तशी घरगुतीच होती. धंद्यातला भागीदार उलटला. असं तर मेन रोडवर दर दिवाळीनंतर होतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्क धोक्यात आलं. २०१८ मध्ये एका चुटकीसरशी विश्वातले अर्धे जीव भस्म. आणि २०२२ उजाडेपर्यंत एक विश्व पुरेनासं झालं, विश्वंच एकमेकांवर आदळायला लागली.

माझं घोडं अडलं ते त्या भस्मापाशी. ती माणसं म्हणे पाच वर्षांनी परत आली. मी विचारलं, "मग रेशनकार्डावर नावं परत चढवली कोणी?" चिरंजीवांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण आमच्या अण्णांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही एकदासुद्धा भस्म न होता.

आई माळ ओढत ऐकत होती. म्हणाली, "अर्जुनाचं हेच झालं. अकराव्या अध्यायात हौसेनं विश्वरूप बघायला मागितलं. बघतो तर देवाच्या दाढांत चिरडलेली डोकी! लटलटा कापायला लागला. देवा, पुरे, म्हणाला, तुझं नेहमीचं रूप दाखव."

"मग पार्ट टूमध्ये काय होतं, आजी?"

"अजून सात अध्याय आहेत, बाळा."

रविवारी सकाळी गोदाघाटावर पूजेचं सामान आणायला गेलो आणि स्कूटर बंद पडली. किका मारून पाय दुखला, स्कूटर ढिम्म. पाऊस भुरभुरत होता, सिनेमाची वेळ होत आली होती. हँडल लॉक केलं, स्कूटर तिथेच ठेवली आणि चिरंजीवांसह रिक्षानं थिएटर गाठलं.

मध्यंतरापर्यंत एक शहर गेलं होतं. तेवढ्यात बायकोचा मेसेज आला: 'गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. मारुतीच्या पायाशी आलं. स्कूटर कुठंय?'

बाहेरच्यांना सांगायला हवं, नाशकात पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. तो आकडा पेपरवाल्यांसाठी. आम्ही विचारतो, 'दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत?' घाटावरची ती मूर्ती आमची मोजपट्टी. पाय, गुडघे, कंबर. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात माल माळ्यावर चढतो.

पडद्यावर पृथ्वी गेली. मेसेज: 'गुडघे.'

पडद्यावर आकाशगंगा गेली. मी चिप्स खात होतो. खोटं कशाला सांगू, अब्जावधी जीव गेले तरी चिप्सची चव जराही बदलली नाही. मग मेसेज आला, 'कंबर', आणि माझ्या पोटात गोळा आला. अकरा वर्षांची जुनी स्कूटर, डाव्या बाजूला पोचा, सीटला चिकटपट्टी. पण डिकीत आरसी बुक होतं. तेव्हा अंधारात उगाच वाटून गेलं, मारुतीनं अख्खा डोंगर उचलून आणला तो एका लक्ष्मणासाठी. लक्ष्मण कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. हे पडद्यावरचे सगळ्यांसाठी धावतायत, त्यामुळे माझ्यासाठी कोणीच धावत नाहीये.

सिनेमा संपला. मी उठलो, तर चिरंजीवांनी शर्ट धरला. नावं संपल्यावर शेवटी एक तुकडा असतो म्हणे, तो बघितल्याशिवाय उठायचं नाही. हजारभर नावं सरकत होती आणि तिकडे मारुती बुडत होता.

होळकर पुलावर ही गर्दी! निम्मं नाशिक छत्र्या घेऊन पाणी बघत उभं. वाट काढत घाटाच्या वरच्या बाजूला उतरलो, तर चहाच्या टपरीमागे, विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलेली आमची स्कूटर.

"तिघांनी उचलून आणली, साहेब," टपरीवाला म्हणाला. "हँडल लॉक कशाला करता हो पुराच्या दिवसांत?"

मला भरून आलं. मी हात जोडून काहीतरी बोलायला लागलो.

"ते राहू द्या. सकाळी दोन चहा घेऊन तसेच गेलात. वीस रुपये."

चिरंजीव हळूच म्हणाले, "बघ बाबा. म्हणून शेवटपर्यंत थांबायचं असतं."