टीव्हीतला 'स्पोर्ट्स' मोड खेळाच्या सिनेमांसाठी नाही!

बरेच दिवस मनात खदखदतंय, आज लिहूनच टाकतो. नवा टीव्ही घरी आला की लोक सगळ्यात आधी काय करतात? मेनूत जाऊन 'स्पोर्ट्स' नाहीतर 'व्हिव्हिड' लावतात. हिरवळ झगझगीत, जर्सी भडक, चेहरे ताप आल्यासारखे लालबुंद. मग त्याच अवतारात खेळावरचा एखादा सिनेमा लावतात आणि म्हणतात, "काय ते कळत नाही, पण सिरियल बघतोय असं वाटतंय."

वाटणारच! सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सनी (म्हणजे 24 स्थिर चित्रांनी) चित्रित होतो आणि थेट सामना 50 किंवा 60 फ्रेम्सनी आपल्यापर्यंत येतो. टीव्हीला 24 फ्रेम्स अपुऱ्या वाटतात, म्हणून मधल्या फ्रेम्स तो स्वतःच्या मनाने तयार करून घुसडतो. प्रत्येक कंपनीने या करामतीला वेगळं गोंडस नाव दिलंय, त्यामुळे बंद करायची तर आधी मेनूत शोधाशोध. बॉक्सरचा ठोसा पडद्यावर किंचित धूसर फराटा होऊन यायला हवा, तरच तो लागतो. इथे तो तेल लावल्यासारखा सरकत येतो. फिरणाऱ्या बॅटच्या कडेला तर पाणी हलल्यासारखी थरथर दिसते. खेळ दाखवणं आणि खेळाची गोष्ट सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्या बिचाऱ्या टीव्हीला कोण सांगणार?

ही माझी एकट्याची किरकिर नाही. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ टाकला होता. विषय एवढाच की घरी सिनेमा बघताना हे सेटिंग बंद करा. पुढच्याच वर्षी ही करामत आपोआप बंद ठेवणारा 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. तुमच्या टीव्हीत तो असेल तर तो लावा आणि हा विषय संपवा. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा, आणि त्यातही ते गुळगुळीत करणारं बटण चालू नाही ना, एकदा बघा.

'रॉकी' (1976) बघा कधीतरी दोन्ही प्रकारे. स्टेडीकॅम, म्हणजे चालता-धावताना कॅमेरा न हलू देणारं उपकरण, तेव्हा अगदी नवा होता, आणि रॉकी पायऱ्या चढत धावतो तेव्हा कॅमेराही त्याच्याबरोबर तरंगत जातो. ते गुळगुळीत करणं (स्मूदिंग) चालू असेल तर त्या धावण्यातला दमच जातो. कुणीतरी मोबाइलवर शूट केल्यासारखं दिसतं.

आता डाउनलोडबद्दल. (रीतसर डाउनलोड म्हणतोय. ग्रुपवर फिरणाऱ्या, थिएटरात कॅमेरा लपवून काढलेल्या फाइलींसाठी एवढी उठाठेव कशाला?) खेळाचा सिनेमा मी स्ट्रीम करायचं टाळतो. हजारो प्रेक्षकांची गर्दी, गवताचं प्रत्येक पातं, उडणारी माती, पाऊस, सगळं एकाच वेळी हलत असतं, आणि व्हिडिओ कॉम्प्रेशनला यापेक्षा अवघड काही नसतं. नेट जरा मंदावलं की अ‍ॅप गुपचूप दर्जा खाली आणतं आणि ऐन शेवटच्या षटकात मैदानाचे चौकोन चौकोन होतात. डाउनलोड केलेल्या फाइलीत ही धाकधूक नाही. फक्त '4के' या शब्दाला भुलू नका. दाबून दाबून अगदी लहान केलेल्या 4के फाइलीपेक्षा भरपूर बिटरेटची (म्हणजे सेकंदाला जास्त डेटा असलेली) 1080पी फाइल या सिनेमांत कितीतरी उजवी दिसते.

पेनड्राइव्हने माझा एकदा पुरता पोपट केला होता. सगळे जमलेले, आणि फाइल कॉपीच होईना. पेनड्राइव्हमध्ये 32 जीबी मोकळे, फाइल 6 जीबीची, तरी 'फाइल फार मोठी आहे' हेच पालुपद. पेनड्राइव्ह एफएटी32 फॉरमॅटमध्ये होता आणि त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि काम झालं. तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो का, हे मात्र पाहुणे यायच्या आधी बघून ठेवा. चित्र येतंय आणि आवाज नाही असं झालं तर बहुधा फाइलीतला ऑडिओ डीटीएस या फॉरमॅटमध्ये आहे आणि तुमच्या टीव्हीला तो झेपत नाही.

आणि आवाज! पैसे मोजके असतील तर पडदा दहा इंच लहान घ्या, पण आवाजात काटकसर करू नका. 2019 च्या 'फोर्ड व्हर्सेस फेरारी'ला दोन ऑस्कर मिळाली, एक संकलनाचं आणि दुसरं ध्वनिसंकलनाचं. तोच सिनेमा मी आधी टीव्हीच्या पोटातल्या, खाली तोंड केलेल्या स्पीकरवर ऐकला होता. शर्यतीच्या गाड्या शिलाई मशीनसारख्या वाजत होत्या. साधा साउंडबार लावला तरी फरक पडतो, मात्र तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या (म्हणजे आवाज बाहेर पाठवणाऱ्या) एचडीएमआय पोर्टलाच जोडा आणि कपाटाच्या खणात आत ढकलू नका.

ब्लूटूथ स्पीकर मी बाद केलेत. त्यांत आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे सिनेमाच्या हिशेबात चार-पाच फ्रेम्स. संवादात हे एकवेळ खपतं, पण बॅटला चेंडू लागतो आणि 'टक्' नंतर येतं तेव्हा सगळा खेळखंडोबा. गंमत अशी की स्टेडियममध्ये साधारण 70 मीटर लांब बसलात तर आवाज तेवढाच उशिरा पोचतो आणि आपलं काही बिघडत नाही. पण क्लोजअपमध्ये बॅट डोळ्यांसमोर असताना कान ऐकून घेत नाहीत.

आमच्या ताईला माझं हे सगळं म्हणणं अमान्य आहे. तिला गुळगुळीतच आवडतं. "अरे, स्वच्छ दिसतंय की, तुला धूसर का हवंय?" या प्रश्नावर मी दरवेळी लांबलचक व्याख्यान देतो आणि ती दरवेळी मध्येच उठून जाते. परवा दुपारी सामना लावला, मोड माझाच होता, सिनेमावाला. खिडकीतून भगभगीत ऊन आत येत होतं आणि काळवंडलेल्या पडद्यावर चेंडू कुठे गेला ते कुणालाच दिसेना. ताईने एक शब्दही न बोलता माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.