एरेन शेवटी बदलला नाही: ‘अटॅक ऑन टायटन’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवसांत चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. (ज्यांनी ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अजून वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबा. पुढे सगळंच उघड करणार आहे.)

शेवट मला पटतो असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ही निव्वळ सारवासारव आहे. इतकी वर्षं वाघासारखा वावरलेला नायक एरेन १३९व्या, म्हणजे शेवटच्या, प्रकरणात रडका पोरगा झाला, लेखक-चित्रकार इसायामाने घाईघाईत गोष्ट गुंडाळली, वाचकांच्या तोंडाला पानं पुसली. चौतीसही खंड खोक्यात भरून माळ्यावर टाकलेत आणि आता विकायला काढणार आहात, असंही तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर जीव नव्हता तिचे खंड कुणी इतक्या रागाने माळ्यावर टाकत नाही.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते कबूल करते. एरेन त्याच्या बालमित्राला, आर्मिनला, सांगतो की रम्बलिंगमध्ये (एरेनने भिंतींतले महाकाय टायटन सोडून जग तुडवलं, त्यात) जगातली ऐंशी टक्के माणसं मेली, आणि त्यावर आर्मिन त्याचे आभार मानतो: आमच्यासाठी तू सामूहिक हत्यारा झालास म्हणून. ते वाक्य मलाही आजवर गिळता आलेलं नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये, घराबाहेर पडायची सोय नव्हती तेव्हा, मी ते प्रकरण रात्री फोनवर वाचलं. त्या चौकटीपाशी अंगठा थांबला. वाटलं, भाषांतर चुकलं असेल. आपला आर्मिन, शत्रूशीही आधी बोलून बघणारा आर्मिन, हे म्हणणारच नाही. २०२३च्या नोव्हेंबरात ॲनिमेचा, म्हणजे पडद्यावरच्या मालिकेचा, शेवटचा भाग आला तेव्हा हाच संवाद बदललेला होता. तिथे आर्मिन दोषातला आपला वाटा उचलतो. ज्या भिंतींआड हे सगळे वाढले त्यांपलीकडच्या जगाचं पुस्तक एरेनला मीच दाखवलं, म्हणतो, आणि नरकातही आपण बरोबर असू. म्हणजे मूळ पानात खोट होती, आणि ती दुरुस्त करावीशी वाटली. या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाहीच.

पहिली टायटन झालेल्या यमिरच्या बाबतीतही नाही. १२२वं प्रकरण आठवा. गुलाम पोर, तिच्यामागे सोडलेले कुत्रे, झाडाच्या ढोलीतलं ते पाणी. राजासाठी ती मरते आणि राजा तिचं शरीर तिच्याच तीन मुलींना खायला लावतो: मारिया, रोझ, सिना. ज्या भिंतींची नावं आपण पहिल्या प्रकरणापासून वाचत होतो ती या मुलींची, हे कळल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ते सगळं चित्रांतून उलगडतं, यमिर तर तोंडही उघडत नाही. आणि तिची दोन हजार वर्षांची गाठ शेवटच्या प्रकरणात सुटते कशी? एरेन तोंडी सांगतो की तिचा त्या राजावर जीव होता आणि ती एरेनच्या बालमैत्रिणीची, मिकासाची, वाट बघत होती. दोनचार फुग्यांत संपलं. ही कल्पना मला चुकीची वाटत नाही. छळणाऱ्यावरच जीव जडावा आणि तो तोडता येऊ नये, हे खोटं नाही. पण ते दाखवायला एक अख्खं प्रकरण हवं होतं.

आता एरेन. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

मिकासाने दुसऱ्या कुणाचं होऊ नये, निदान दहा वर्षं तरी तिने मलाच मनात ठेवावं, असं म्हणून तो रडतो, ते तुम्हाला व्यक्तिरेखेची माती वाटतं. मी विचारते, हा पोरगा रडका नव्हता कधी? पहिल्याच प्रकरणात तो झाडाखाली झोपेतून उठतो तेव्हा त्याच्या गालांवर पाणी असतं. आणि १३१वं प्रकरण? रामझी नावाचं ते निर्वासित पोर गल्लीत मार खातंय. एरेन आधी पुढे निघून जातो, कारण त्याला पुढचं आधीच दिसलंय आणि आपणच याला मारणार आहोत हे ठाऊक आहे, मग याला वाचवायचा हक्क आपल्याला कुठून येणार? तरी तो मागे फिरतो, त्याला सोडवतो आणि त्याच पोरासमोर गुडघे टेकून ढसाढसा रडतो. भिंतींपलीकडे माणसं राहतात हे कळल्यावर माझा हिरमोड झाला, मला सगळं पुसून टाकावंसं वाटलं, अशी कबुली देतो. त्या पोराला यातलं काही उमगत नाही. थोड्याच पानांनी रामझी आणि त्याचा भाऊ टायटनांच्या पायाखाली जातात, आणि वर ढगांत लहानगा एरेन हात पसरून हेच स्वातंत्र्य म्हणतो. १३९व्या प्रकरणात त्याने आर्मिनला वेगळं काय सांगितलं? तुम्ही थांबवणार हे ठाऊक नसतं तरी मी हे केलंच असतं, एवढंच.

वाघ त्याला आपण केला. लांब केस, थंड डोळे, कमी बोलणं. माझ्या फोनवरही तेव्हा तेच चित्र होतं. इसायामा मात्र एकोणीस वर्षांचा, स्वतःलाच घाबरलेला मुलगा काढत होता.

घाईचं म्हणाल तर मला उलटं वाटतं. मालिका २००९च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २०२१च्या एप्रिलमध्ये संपली. सुरू केली तेव्हा इसायामा बावीसतेवीस वर्षांचा होता. तरुणपणी मनात धरलेल्या शेवटाशी आपण बांधले गेलो, असं त्याने २०२३मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राला सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी न्यूयॉर्कला चाहत्यांसमोर या शेवटाबद्दल बोलताना तो गहिवरला होता. म्हणजे शेवट जुना होता आणि माणसं त्याच्या हाताखाली मोठी होत गेली. हांजी, रायनर, गाबी या पात्रांनी गोष्ट इतकी रुंद केली की आधी खोदून ठेवलेल्या पाटात ती मावेना. पाणी बाहेर सांडलं. तुमचा राग त्या सांडलेल्या पाण्याबद्दल आहे, आणि तो रास्त आहे. पण त्यामुळे पाटच चुकीच्या दिशेला होता असं होत नाही.

एक गोष्ट मला सारखी आठवते. इसायामाचं गाव ओइता प्रांतातलं ओयामा, चहूबाजूंनी डोंगर. डोंगरांपलीकडे काय असेल या ओढीतून ही गोष्ट आली, असं तो सांगत आलाय. तिथल्या धरणापाशी २०२०मध्ये एरेन, मिकासा आणि आर्मिन यांचे लहानपणीचे पुतळे बसवले. तिघं मान वर करून धरणाच्या भिंतीकडे बघतायत. मी ते फोटोतच पाहिलेत, पण तो फोटो बघताना १३१व्या प्रकरणातली ती कबुली आठवली की पोटात खड्डा पडतो. ज्या ओढीने गोष्ट सुरू झाली तीच ओढ तिने शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. एरेनला जिंकवून, त्याच्या बेटाचा, पॅराडिसचा, झेंडा फडकवून हे करता आलं नसतं.

चौतिसाव्या खंडातली जादा पानं तुम्ही पाहिलीत का, हे तुमच्या लिहिण्यावरून कळलं नाही. मासिकात ती नव्हती. मिकासा म्हातारी होते, एरेनने दिलेला मफलर गळ्यात ठेवूनच तिला पुरतात. मागे शहर वाढतं, उंच इमारती येतात, मग त्यांच्यावर बॉम्ब पडतात. शेवटी एक मूल आणि एक कुत्रा एरेनला पुरलं त्या झाडापाशी येऊन उभे राहतात, आणि झाडाला यमिरच्या झाडासारखीच ढोली. एरेनने इतकी माणसं मारून आपल्या माणसांसाठी मिळवलं ते इतकंच: काही पिढ्या. आर्मिनच्या त्या वाक्याला इसायामाने दिलेलं खरं उत्तर मला या पानांत दिसतं, आणि इथे कुणीही एक शब्द बोलत नाही.

खंड विकायचे की नाही हा तुमचा प्रश्न. फक्त खोकं कुणाच्या हवाली करण्याआधी तेहतिसावा खंड बाहेर काढा आणि १३१वं प्रकरण पुन्हा वाचा, रामझीच्या पानांवर जरा थांबून. नंतरही एरेन शेवटी बदलला असंच वाटलं तर इथेच लिहा. मी वाट बघते.