क्रॉयडनची मांजरं आणि पालिकेची गाडी

रात्री अकराच्या सुमारास आमच्या मागच्या कुंपणावर एक कोल्हा येऊन बसतो. खरं तर तो खोकडाच्या भावकीतला, आपल्याकडचा कोल्हा वेगळा. पण इथे लंडनमधल्या मराठी घरांत त्याला कोल्हाच म्हणतात. आपल्या म्हणीतला कोल्हा काकडीला राजी होतो, हा शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्यातल्या चिकनच्या हाडांवर खूश असतो. २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं आमच्या क्रॉयडनमध्ये एका खुनशी माणसाचा शोध चालला होता आणि हा गडी तेव्हाही असाच कुंपणावर बसलेला असायचा.

दक्षिण लंडनमध्ये मेलेली मांजरं सापडत होती. कुणाचं डोकं नाही, कुणाची शेपटी नाही, आणि काप असा की सुरीनेच केला असावा. वर्तमानपत्रांनी त्या अज्ञात माणसाला ‘क्रॉयडन कॅट किलर’ असं नाव दिलं. पुढे लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्याच्या आसपासही अशी मांजरं सापडू लागली, तेव्हा त्याला त्या रस्त्याचं नाव मिळालं. संध्याकाळ झाली की आमच्या गल्लीत मांजरांना हाका मारायचा गलका उठे. आज मांजर मारणारा उद्या माणसाकडे वळेल, हे तर जो तो सांगत होता.

पोलिसांनी ‘ऑपरेशन ताकाहे’ या नावाने तपास केला. चारशेहून जास्त तक्रारी आल्या, सुमारे २,२५० तास आणि १ लाख ३० हजार पौंड खर्ची पडले. रस्त्यावर पोरं एकमेकांना भोसकत असताना पोलीस मांजरांमागे कशाला, असं बसस्टॉपवर ऐकू यायचं. मीही त्याला मान डोलावली आहे.

सुरुवातीच्या तपासणीत हे काप माणसाने केलेले वाटले होते. मग रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या तज्ज्ञांनी मृतदेह पुन्हा तपासले. जिवंत शरीरावर घाव बसला तर आसपासच्या पेशींत रक्त उतरतं. मेल्यानंतर कापलं तर तिथलं मांस कोरडं राहतं. इथे ते कोरडं होतं. जखमांवर कोल्ह्याचा डीएनए सापडला. कोल्ह्याच्या मागच्या दाढा कात्रीसारख्या चालतात, म्हणून काप सुरीचा भासतो. शाळेच्या मैदानावर मांजराचं डोकं टाकून जाणारा कोल्हा तर सीसीटीव्हीतच दिसला. सप्टेंबर २०१८मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की मांजरं बहुधा गाड्यांखाली मेली आणि नंतर कोल्ह्यांनी तोडली. माणसाचा हात असल्याचा पुरावा नाही. २०२१मध्ये कॉलेजने ३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सगळ्यांवर कोल्ह्याचा डीएनए होता. काही प्राणिप्रेमींना हे आजही पटलेलं नाही.

साप म्हणून भुई धोपटली, असं तेव्हा मला वाटलं. आता तसं वाटत नाही, आणि त्याला कारण माझी ताई.

ताईच्या सोसायटीत एका सकाळी तीन भटकी कुत्री तोंडाला फेस येऊन मेलेली सापडली. आदल्याच रविवारी मीटिंगमध्ये एक निवृत्त गृहस्थ कुत्र्यांवरून तावातावाने बोलले होते. झालं. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यांचा निकाल लागला. विष म्हणून घातलेलं कीटकनाशक थायमेट होतं की फ्युराडान, यावरही दोघातिघांनी ठाम मतं दिली. पण कुत्री कुठे होती? सकाळी नऊलाच पालिकेची गाडी येऊन घेऊन गेली होती. शवविच्छेदन नाही, विष तपासायला व्हिसेरा म्हणजे आतड्या-यकृताचे नमुने नाहीत. ते गृहस्थ दोषी होते की नव्हते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लिफ्टमध्ये त्यांच्याशी अजून कुणी बोलत नाही.

आपल्याकडचा वाद मी इथून रोज वाचते. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि मग दोन आठवड्यांच्या आत तो आदेश बदलला, तेव्हापासून तर घराघरांत दोन पक्ष पडलेत. प्राणिप्रेमींची मागणी एकच: शिक्षा वाढवा. १९६०च्या प्राणिक्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, हे लाजिरवाणं आहेच. पण जनावर मारलं, त्याला विष घातलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडमध्येही २०२१पासून क्रूरतेची कमाल शिक्षा पाच वर्षंच आहे. कागदावर आपण बरोबरीत आहोत. फरक पडतो तो सकाळी नऊ वाजता, गाडी येते तेव्हा.

आपल्याला हे शास्त्र जमत नाही, असंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत मांसाच्या तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याचं काम कित्येक वर्षं चाललंय. २०१८मध्ये यवतमाळात नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा गोळी कुठल्या बाजूने लागली, बेशुद्धीचा डार्ट बंदुकीतून सुटलेला की नंतर टोचलेला, यावर विदर्भातल्या चहाच्या टपरीवरही चर्चा होती. वाघ मेला की आपण हे प्रश्न विचारतो. आणखी एका वेळी विचारतो: टेम्पोत मांस सापडलं की. २०१५पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या नाही. म्हणून नमुना लॅबमध्ये जातो आणि मांस कुणाचं ते विचारलं जातं. अहवाल येईपर्यंत रस्त्यावरचा निकाल बहुधा लागलेलाच असतो. ते जनावर कसं जगलं, कशाने मेलं, हे त्या अर्जात कुठेच नसतं.

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव इथल्या इंग्रजी पेपरांतही झळकलं. माकडांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी. ऑफिसातल्या एकाने मला हसत विचारलं, तुमच्याकडे माकडंही टोळीयुद्ध करतात का? वनखात्याने दोन माकडं पकडून नेली. आकड्यावर पुढे बऱ्याच शंका निघाल्या. पण एका तरी कुत्र्याचं शवविच्छेदन झाल्याचं मी कुठे वाचलं नाही. त्याच्याबरोबर हसताना मला आमच्या गल्लीतली मांजरं आठवत होती. अफवेच्या बाबतीत क्रॉयडन आणि माजलगाव तालुका यांत डावंउजवं करायला नको. इथे एवढंच झालं की कुणीतरी मेलेली मांजरं सांभाळून ठेवली होती.

गेल्या महिन्यात ताईचा सकाळीच फोन आला. गेटपाशी आणखी एक कुत्रं पडलं होतं. मी वाचून ठेवलेलं सगळं भडाभडा सांगितलं: हात लावू नकोस, आधी फोटो काढ, तोंडाजवळ काही खाल्लेलं दिसलं तर तेही राहू दे, पोलिसांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळव, उशीर होणार असेल तर बर्फात ठेव, पण गोठवू नकोस, गोठलं की पेशी फाटतात.

“अगं, इथं छत्तीस डिग्री आहे,” ताई म्हणाली. “बर्फात म्हणजे कुठं ठेवू? आपल्या फ्रिजमध्ये?”

मागून पालिकेच्या गाडीचं गाणं ऐकू येत होतं.