झाकण नसलेल्या फोनचं झाकण

एम्युलेटर हा प्रोग्राम म्हणजे जातीचा सोंगाड्या. फोनच्या पोटात बसून तो जुन्या यंत्राच्या प्रोसेसरचं असं सोंग वठवतो की, आपण परक्या घरात आलोय हे बिचाऱ्या गेमला कळतच नाही. खरी पंचाईत तिथेच आहे. गेम निवांत जुन्या घरातल्या वस्तू मागत बसते, आणि त्या आणून द्यायच्या मी.

निन्टेंडोचा डीएस, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, २००४ साली आला, तोच थाटात. दोन पडदे, खालचा बोटाने-काडीने चालणारा, मध्ये बिजागरी, शिवाय मायक्रोफोन. माझ्या डीएसची बिजागरी गेली तेव्हा भाच्याने गेम फोनवर आणून दिली. "मामा, सेम टू सेम!" म्हणाला आणि हॉस्टेलला निघून गेला.

दोन पडदे एकावर एक रचले की फोन भरतो. बटणं मग चित्रावरच उमटतात आणि त्यांच्यावर माझे अंगठे. गेमचा नायक बहुतेक वेळ माझ्या डाव्या अंगठ्याखाली असतो. राक्षसही तिथेच असावा, कारण नायक मरतो.

तरी हे परवडलं. झेल्डा मालिकेतल्या २००७ सालच्या 'फँटम अवरग्लास' या गेममध्ये एक कोडं आहे: वरच्या पडद्यावरची खूण खालच्या नकाशावर दाबून उमटवा. मी टिचकी मारली, घासलं, अंगठा रोवून बसलो. उत्तर काय, तर डीएस मिटायचा! पडद्याला पडदा भिडला की खूण उमटते. आता फोन मिटू कुठे? पालथा घातला. बाजूचं बटण दाबून झोपवला, तर एम्युलेटरही झोपला आणि गेमही. मिटल्याचं तिला सांगणार कोण? शेवटी मेनूच्या तळाशी 'झाकण बंद करा' सापडलं. कुणा स्वयंसेवकाने हे फुकटात लिहून ठेवलंय, त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं.

पुढे एक संशोधक भेटतो. समुद्रतळातला खजिना ओढून काढायचा यांत्रिक हात तो विकतो आणि भाव उतरवायचा तर मायक्रोफोनमध्ये ओरडा म्हणतो. जितका मोठा आवाज, तितकी सूट. एम्युलेटरमध्ये आवाजाऐवजी नुसती खरखर पाठवायचीही सोय आहे, पण घासाघीस खरखरीवर सोपवणं मनाला पटेना. रात्री अकरा वाजता मी मायक्रोफोनला परवानगी दिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशीवर काहीतरी आपटलं.

बायको धावत आली. तिला सगळं समजावून सांगितलं. दादरच्या बाजारात तिची कारकीर्द मोठी आहे.

"अहो, ओरडून कधी भाव उतरतो का? पाठ फिरवून चालू लागायचं. तोच हाक मारतो."

मी नायकाला दुकानाबाहेर काढलं, थेट धक्क्यापर्यंत नेलं आणि आम्ही दोघं बराच वेळ फोनकडे बघत बसलो. मेल्याने हाक काही मारली नाही.