पाऊस आणि डिश: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, जोराच्या पावसात डिशचा सिग्नल जातो, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "सगळं थोतांड. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या पावसात अडकेलच कसा? डिशवाले फिटिंग धड करत नाहीत आणि खापर पावसावर फोडतात."

थोतांड हा शब्द मला लागला. शंका जरूर विचारा, पण विचारायची एक रीत असते. चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात १४ पावसाळे ओल्या कौलांवर चढून डिश बसवल्यात मी. ऐकीव लिहीत नाही.

फिटिंगचं थोडं मान्य. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं किंवा वाऱ्याने डिश बोटभर सरकली, तर सिग्नल जातो. पण तसा गेलेला सिग्नल सर ओसरली म्हणून आपोआप परत येत नाही.

आता ते छत्तीस हजार. अहो, त्यातलं जवळजवळ सगळं अंतर रिकामं आहे! तिथे लहर पसरून क्षीण होते, पण तिला शोषणारं काही नसतं. पावसात मात्र थेंब तिला शोषतात, विखुरतात, आणि दर किलोमीटरला उरलेल्यातला वाटा जातो. लहर जितकी आखूड, तितके थेंब तिला जास्त नडतात. घरच्या छोट्या डिशवर, म्हणजे डीटीएचवर, येणाऱ्या केयू बँडची (बँड म्हणजे लहरींचा एक पट्टा) लहर सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची, थेंब काही मिलिमीटरचे. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्रीवर सी बँड येतो, त्याची लहर साडेसात सेंटीमीटरची. तिला तेच थेंब फारसे नडत नाहीत. उपग्रह इंटरनेटच्या केए बँडची लहर दीडच सेंटीमीटरची, म्हणून तिचे हाल जास्त.

संगमेश्वरजवळ मे अखेरीला एका ओटीवर मी टीव्हीवर सिग्नलची पट्टी लावून बसलो होतो. अंगणात थेंब नव्हता. पट्टी उतरत गेली, चित्राचे चौकोन झाले, मग सगळंच गेलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "पाऊस नाय नि गेला कसा?" मी आग्नेयेकडे बोट दाखवलं. सह्याद्रीकडून वळीव येत होता, डोंगर दिसेनासा झाला होता. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, त्यामुळे आपल्याकडची डिश आग्नेयेला, साधारण साठ अंश वर बघते. त्या तिरक्या वाटेत पाऊस आमच्या आधी पोचला होता.

एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, कंपनीबद्दल आणि माझ्या शिक्षणाबद्दल जे लिहिलंत, त्याला मी उत्तर देणार नाही.

वळीव कौलांवरून निघून गेला आणि चित्र परत आलं. पान्याला मी हातही लावला नव्हता.