रुग्णाला हात न लावता मोजपट्टी कशी सिद्ध करावी

एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात पोहोचलेल्या आणि प्रबंधाचा विषय मंजूर करून घेतलेल्या सर्व भगिनींचे, तसेच वर्गात दोन-तीनच असले तरी सर्व बंधूंचेही, प्रथम अभिनंदन. आता तुम्हाला 'टूल', म्हणजे मोजमापाचे साधन, तयार करायचे आहे. ते विश्वसनीय हवे आणि वैध हवे, असे गाइड मॅडमनी सांगितलेच असेल. तीच गोष्ट पुन्हा मोजली असता तेच उत्तर देते ते साधन विश्वसनीय, आणि जे मोजायचे म्हणून निघालो तेच मोजते ते साधन वैध. या दोन व्याख्या तोंडपाठ कराव्यात, कारण त्या तोंडी परीक्षेला विचारतात. त्यापलीकडे त्यांचा फार विचार करू नये. विचार करणाऱ्यांचे प्रबंध वेळेवर सादर होत नाहीत, हे मी वॉर्ड आणि कॉलेज यांच्यामधल्या जिन्यावर अनेक वर्षे ये-जा करून पाहिलेले आहे.

विश्वसनीयतेचा आदर्श पाहायचा असेल तर जनरल वॉर्डातला कोणताही टीपीआर चार्ट उघडावा. तापमान चढते-उतरते, नाडी मागेपुढे होते. पण श्वसनाचा रकाना पाहावा. २०, २०, १८, २०, २०. न्यूमोनियाचे आजोबा आणि शेजारच्या खाटेवरचा हर्नियाचा तरुण, दोघेही सकाळ, दुपार, रात्र एकाच लयीत श्वास घेतात. चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर असल्यावर प्रत्येकाच्या छातीकडे मिनिटभर बघत उभे राहणे कोणाला जमणार, हा प्रश्न रास्त आहे. पण तो मनुष्यबळाचा आहे, संख्याशास्त्राचा नव्हे. संख्याशास्त्राला एवढेच दिसते की तीन पाळ्यांतल्या तीन सिस्टरांनी स्वतंत्रपणे नोंदी केल्या आणि त्यांत फरक जवळजवळ शून्य आहे. तुमच्या टूलनेही हीच उंची गाठावी, अशी माझी इच्छा आहे.

समजा, तुमचा विषय अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या वेदनेचा आणि बेडसोअरचा आहे. प्रश्न स्वतः लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. ग्रंथालयातल्या कपाटात मरून रंगाच्या रेक्झिनमध्ये बांधलेले जुने प्रबंध असतात. त्यांतले दोन-तीन काढून त्यांतून प्रश्न निवडावेत. निवडताना एखादा प्रश्न मधुमेहाच्या प्रबंधातून तसाच येतो, उदाहरणार्थ, 'आपण इन्सुलिनची बाटली कोठे ठेवता?' असे झाल्यास घाबरू नये. पुढे तज्ज्ञ आहेत.

तज्ज्ञांची पायरी समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक प्रश्न विषयाशी किती सुसंगत आहे, याला तज्ज्ञाने १ ते ४ पैकी एक गुण द्यायचा असतो. ३ किंवा ४ देणाऱ्या तज्ज्ञांचे एकूण तज्ज्ञांशी प्रमाण काढले की आशय-वैधतेचा निर्देशांक मिळतो. तज्ज्ञ पाच किंवा त्याहून कमी असतील तर सर्वांचे एकमत लागते, सहा ते दहा असतील तर ०.७८ पुरेसा मानतात. याचा अर्थ, पाचांऐवजी सात तज्ज्ञ गाठले तर एखाद्या चिकित्सक बाईंचा विरोधही पचतो. मात्र तशी वेळ सहसा येत नाही. तज्ज्ञ मॅडम कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत असताना त्यांच्यापुढे स्पायरल बायंडिंगची प्रत धरावी आणि प्रमाणपत्राचा मसुदा सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून तयार ठेवावा. मी एका विद्यार्थिनीच्या टूलवर सात तज्ज्ञांच्या सह्या पाहिल्या आहेत. बेडसोअरच्या त्या टूलमध्ये इन्सुलिनच्या बाटलीचा वरचा प्रश्न सतराव्या क्रमांकावर होता आणि त्याला सातही जणींनी ४ दिले होते. निर्देशांक १.०० आला.

आता अल्फा. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये हा गुणांक मांडला, आणि तेव्हापासून प्रबंधात तो कुंकवासारखा लागतो. नसला तर लोक विचारतात, असला तर कोणी विचारत नाही. टूलमधले प्रश्न एकमेकांच्या बरोबरीने किती चालतात, एवढेच तो सांगतो. ते कोठे चालले आहेत, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. शिवाय तो स्वभावाने भोळा आहे, गर्दी पाहून खूश होतो. प्रश्नाप्रश्नांतला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला, म्हणजे ते एकमेकांना जेमतेम ओळखत असले, तरी दहा प्रश्नांवर अल्फा ०.७१ भरतो, विसांवर ०.८३ आणि चाळिसांवर ०.९१. तेव्हा टूल चांगले करण्यापेक्षा लांब करावे. 'आपल्याला दुखते का?' असे एकदा विचारून झाले की तोच प्रश्न वेष पालटून पुन्हा पाठवावा: 'आपल्याला वेदना होतात का?', 'आपल्याला शारीरिक त्रास जाणवतो का?', 'दुखण्याचा आपल्याला उपद्रव होतो का?' पेशंट चौथ्या वेळी वैतागून 'हो म्हटलं ना बाई' म्हणेल. त्या 'हो'चेही गुण धरावेत. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही म्हणायचे नसते, हा आपल्याकडचा संस्कार अल्फाला फार मानवतो.

हे सारे पायलट स्टडीत, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, करायचे. नमुना ६० चा असेल तर त्याच्या दहा टक्के, म्हणजे ६ पेशंट. सहा माणसांवर काढलेला गुणांक सातव्याने कितपत हलेल, असे तुमच्या मनात येईल. म्हणूनच सातवा घेत नाहीत. अर्धविभाजन पद्धत याहून सोपी: सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे, विषम दुसरीकडे, दोन्ही गुणांचा सहसंबंध काढायचा आणि त्यावर अर्ध्या टूलवरून पूर्ण टूलची विश्वसनीयता काढणारे स्पिअरमन-ब्राऊनचे १९१० चे सूत्र चालवायचे. ०.७० चे ०.८२ होतात. पेशंटकडे परत जावे लागत नाही, हा सर्वात मोठा लाभ.

पुनर्चाचणी पद्धतीत मात्र परत जावे लागते आणि तिथे पेशंटच आडवा येतो. पहिल्या दिवशी ज्याला खूप दुखत होते तो चौथ्या दिवशी बरा होतो आणि तुमचा सहसंबंध पाडतो. टूलने खरे तर बदल टिपला, पण कोष्टकात ते अविश्वसनीय ठरते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे लवकर बरे न होणारे पेशंट निवडणे. दुसरा म्हणजे सकाळी अकराला विचारून पुन्हा दुपारच्या चहाच्या आत विचारणे. तेवढ्यात दुखणे बदलत नाही, आणि बदलले तरी पेशंटला सकाळचे उत्तर आठवत असते.

दोन निरीक्षकांमधील एकवाक्यता हे प्रकरण थोडे नाजूक आहे, म्हणून त्यावर दोन शब्द जास्त खर्च करतो. बेडसोअरच्या धोक्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी जगभर वापरतात. तिचे सहा घटक आहेत, एकूण ६ ते २३ गुण, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. समजा, दोन सिस्टरांनी शंभर पेशंट स्वतंत्रपणे तपासले. दोघींनी प्रत्येकी पाच पेशंटांना धोका आहे असे ठरवले. पण पहिलीचे पाच वेगळे, दुसरीचे पाच वेगळे. नव्वद पेशंटांबाबत दोघी सहमत. प्रबंधात 'निरीक्षकांमध्ये ९० टक्के एकवाक्यता आढळली' असे ठळक अक्षरात लिहावे आणि पान उलटावे. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा नावाचा गुणांक काढून ठेवला आहे, तो योगायोगाने होणारी सहमती वजा करतो. या उदाहरणात नुसत्या योगायोगानेच ९०.५ टक्के सहमती झाली असती, त्यामुळे कप्पा शून्याच्याही खाली, उणे ०.०५ येतो. ज्यांची पाठ धोक्यात आहे असे ठरले त्या दहा पेशंटांपैकी एकावरही दोघींचे एकमत नाही, हे त्याने उघड होते. असा गुणांक आपण होऊन काढणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय.

त्याच मोजपट्टीतला ओलाव्याचा घटक पाहावा. त्वचा किती ओली राहते हे ठरवताना चादर किती वेळा बदलावी लागते याचा आधार घेतलेला आहे: पाळीत निदान एकदा बदलावी लागली तर गुण कमी, नेहमीच्याच वेळी बदलली तर पूर्ण ४. अमेरिकेतल्या रुग्णालयात बसून हे लिहिताना त्यात काही चुकीचे नव्हते. आता आपल्याकडचा असा वॉर्ड डोळ्यांपुढे आणावा जिथे धोब्याकडून चादरी आठवड्यातून दोनदा येतात आणि पेशंटखाली घरून आणलेली गोधडी असते. तिथे चादर बदललेलीच नसते, म्हणून पेशंट कोरडा ठरतो. मोजली जाते ती लिनन रूमची तंगी, आणि गुण लागतात पेशंटच्या त्वचेच्या नावावर. याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. तुम्ही याला 'प्रमाणित आंतरराष्ट्रीय साधन' म्हणावे.

भाषांतराचा टप्पा रंजक आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून रूढ झालेली रीत अशी की इंग्रजीतून मराठीत एकाने आणायचे आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यायचे. मूळ न पाहिलेला माणूस शोधण्यात वेळ जातो. म्हणून दोन्ही कामे हॉस्टेलवरच्या एकाच रूममेटने करावीत, तिला मूळ पाठ असल्याने दोन्ही इंग्रजी मसुदे तंतोतंत जुळतात. जीवनमान मोजणारी एसएफ-३६ ही प्रश्नावली १९९२ पासून प्रसिद्ध आहे. तिच्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ खेळणे दिलेली आहेत. माणच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकाड चढणाऱ्या बाईला 'आपल्याला गोल्फ खेळताना अडचण येते का?' असे विचारावे. ती 'नाही' म्हणेल. पूर्ण गुण.

वेदनेच्या शून्य ते दहा या पट्टीबाबत एक अनुभव सांगतो. खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींना आमची विद्यार्थिनी विचारत होती, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" आजींनी छताकडे पाहून हिशेब केला आणि म्हणाल्या, "बारा आणे दुखतंय गं बाय. काल सोळा आणे होतं." विद्यार्थिनी गोंधळली, कारण फॉर्मवर बारा नव्हते. तिने पुन्हा दहाच बोटे दाखवली, आजींनी पुन्हा बारा आणे सांगितले. शेवटी मुलीने ५ वर गोल केला. मधला आकडा सुरक्षित असतो. सोळापैकी बारा म्हणजे दहापैकी साडेसात, आणि काल पूर्ण दहा. त्या बाईंकडे मूळ पट्टीहून बारीक खुणांची, शून्य ठाऊक असलेली, बदलसुद्धा टिपणारी स्वतःची मोजपट्टी होती. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले. आजींनी पुढच्या दोन मिनिटांत ठणका, कळ, चमक, ठसठस आणि रग यांतला फरक खाटेवर हात आपटून समजावला. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. "मग आता गोळी देता का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा ते अभ्यासाच्या उद्दिष्टांत नसल्याने विद्यार्थिनी पुढच्या खाटेकडे गेली.

ग्लासगो कोमा स्केलचेही तसेच. पेशंट किती शुद्धीवर आहे हे मोजणारी १९७४ पासूनची ही पट्टी, ३ ते १५ गुणांची. स्थळ, काळ, व्यक्ती यांचे भान असेल तर बोलण्याचे ५ गुण, गोंधळलेला असेल तर ४. एका आजोबांना महिना विचारला, त्यांनी "श्रावण, परवाच नागपंचमी झाली" असे उत्तर दिले. फॉर्म भरणाऱ्याला ऑगस्ट हवा होता. आजोबा १४ वर आले आणि रात्रभर दर तासाला डोळ्यांत टॉर्च मारून घेत राहिले.

असले तिढे सोडवणारी माणसे असतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढ भागात, ज्यांनी शाळा पाहिली नाही अशा वृद्धांसाठी स्मृतीची एक परदेशी चाचणी हिंदीत आणली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. लिहिता येत नाही म्हणून 'एक वाक्य लिहा' ऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा' असे विचारले, वाचून करायच्या कृतीऐवजी 'माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे ठेवले. त्यासाठी गावात जावे लागते, म्हाताऱ्यांशी बोलावे लागते, प्रश्न पाडून पुन्हा बांधावे लागतात. तुमच्याकडे चार आठवडे आहेत आणि त्यांतही नाइट ड्यूटी लागलेली आहे.

एवढे करूनही कोणी उपकरणांची तुलना करायला सांगितली, म्हणजे जुना पाऱ्याचा थर्मामीटर आणि नवा डिजिटल, तर पीअर्सनचा सहसंबंध काढावा. नवा थर्मामीटर प्रत्येक वेळी बरोबर एक अंश कमी दाखवत असला तरी सहसंबंध १ येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही चूक दाखवून फरकांचा आलेख काढायला सांगितले होते. आलेखाला रंगीत प्रिंट लागते.

प्रबंध बांधून झाला की तो कपाटात जाईल आणि पुढल्या जूनमध्ये एखादी ज्युनियर "ताई, तुमचं टूल मिळेल का?" असे विचारत येईल. तिला ते आनंदाने द्यावे आणि पुन्हा व्हॅलिडेशन करू नको, एकदा सिद्ध झालेले टूल सर्वत्र सिद्धच असते, असे सांगावे. रुग्णालयाचे नाव पान ४३ वरसुद्धा आहे, ते बदलायला विसरू नको, हेही सांगावे. सतराव्या प्रश्नाला हात लावू देऊ नये. आमच्या त्या विद्यार्थिनीने इन्सुलिनची बाटली काढून पाहिली होती, तर अल्फा ०.८६ वरून ०.८४ वर आला.